पगार कमी आणि पदरी मुलं असतील तर अमेरिकेत टॅक्स रिटर्न भराच

अमेरिकेतला मराठी माणूस म्हटलं की सगळ्यांना आयटीवालाच आठवतो. पण न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ग्रोसरी स्टोअरमध्ये काउंटरवर कोण उभं असतं, वेअरहाउसला रात्रपाळीला कोण जातं, डेकेअरमध्ये दुसऱ्यांची मुलं कोण सांभाळतं, तर ते पण आपलेच लोक असतात, भावाने नाहीतर बहिणीने स्पॉन्सर केलेलं, नंबर लागायची कित्येक वर्षं वाट बघितलेली आणि चाळिशी उलटल्यावर ग्रीन कार्ड घेऊन मुलाबाळांसकट इथे आलेले. मी टॅक्सच्या सीझनमध्ये लायब्ररीत फुकट रिटर्न भरून देतात ना, तिथे व्हॉलंटियर म्हणून बसते आणि दरवर्षी हेच ऐकते, "अहो ताई, आमचा पगारच एवढा कमी की टॅक्स लागत नाही, मग रिटर्न कशाला भरायचं?"

टॅक्स लागत नसला तरी पैसे परत मिळू शकतात, आणि थोडेथोडके नाही, हजारांत. फक्त सरकार ते आपणहून घरी आणून देत नाही, फॉर्म १०४० भरून मागावे लागतात. आयआरएस, म्हणजे इथलं टॅक्स खातंच ओरडून सांगतं की ज्यांना यातलं मुख्य, अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट, मिळू शकतं त्यांच्यातला पाचातला एक जण मागतच नाही. आपल्याकडे लोक मागत नाहीत त्याचं एक कारण म्हणजे अनेकांना ही सरकारी मदत, म्हणजे भीकच वाटते. पण १९७५ पासून चालू असलेला हा कायदा फक्त काम करून कमावणाऱ्यांसाठीच आहे, घरी बसून मिळतच नाही, मग लाज कसली?

दोन वेगळी क्रेडिट, म्हणजे टॅक्समधून वजा होणाऱ्या किंवा रोख परत मिळणाऱ्या सवलती, आहेत, गल्लत करू नका. पहिलं अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट, म्हणजे ईआयटीसी. दुसरं चाइल्ड टॅक्स क्रेडिट. बऱ्याच घरांना दोन्ही मिळतात.

ईआयटीसीचे आकडे सांगते, हे २०२५ च्या कमाईचे आहेत, म्हणजे जे रिटर्न २०२६ च्या सुरुवातीला भरायचं त्याचे. एक मूल असेल तर जास्तीत जास्त ४,३२८ डॉलर, दोन असतील तर ७,१५२, तीन किंवा जास्त असतील तर ८,०४६. मूल नसेल तरी ६४९ पर्यंत मिळतात, पण त्याला वय २५ ते ६४ लागतं. उत्पन्नाची मर्यादा नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत असतील तर एका मुलाला ५७,५५४, दोघांना ६४,४३० आणि तिघांना ६८,६७५ डॉलर. एकट्या आईने किंवा बापाने भरलं तर हीच मर्यादा ५०,४३४, ५७,३१० आणि ६१,५५५. आकडे दरवर्षी थोडे वाढतात, तेव्हा पुढच्या वर्षी हाच लेख उघडून बसू नका, आयआरएसच्या साइटवर ईआयटीसी असिस्टंट म्हणून आहे त्यात आपली माहिती टाकून बघा, नाव वगैरे काही विचारत नाही.

क्रेडिट कमाईबरोबर आधी चढतं, मग सपाट राहतं, मग उतरतं. दोन मुलांच्या घरात पहिल्या १७,८८० डॉलरच्या कमाईवर प्रत्येक डॉलरमागे ४० सेंट असं ते चढतं आणि जोडप्याचं उत्पन्न ३०,४७० च्या वर गेलं की डॉलरमागे साधारण २१ सेंटने उतरायला लागतं. म्हणजे थोडा ओव्हरटाइम केला तर सगळं क्रेडिट जाईल या भीतीने शिफ्ट सोडू नका, एकदम कडेलोट होत नाही, हळूहळू कमी होतं.

चाइल्ड टॅक्स क्रेडिट २०२५ पासून मुलामागे २,२०० डॉलर झालंय. त्यातला आधी तुमचा टॅक्स वळता होतो आणि उरलेल्यातले मुलामागे जास्तीत जास्त १,७०० रोख परत मिळतात, त्यासाठी कमाई २,५०० च्या वर हवी आणि त्या वरच्या कमाईच्या १५ टक्क्यांपर्यंतच ते मिळतात.

हिशोब करून दाखवते म्हणजे डोक्यात बसेल. नवरा वेअरहाउसला, बायको डेकेअरमध्ये, दोघांचे मिळून वर्षाला ४१,००० डॉलर, मुलं दोन, एक १२ वर्षांचं आणि एक ८ चं, सगळ्यांचे सोशल सिक्युरिटी नंबर आहेत. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे टॅक्स न लागणारी ठरलेली रक्कम, ३१,५०० गेलं, उरले ९,५००, त्यावर टॅक्स ९५०. चाइल्ड टॅक्स क्रेडिट दोन मुलांचं ४,४००, त्यातले ९५० टॅक्सला वळते झाले आणि ३,४०० परत मिळाले. वर ईआयटीसी साधारण ४,९३०. म्हणजे टॅक्स शून्य आणि हातात आठ हजार तीनशेच्या वर. आणि पगारातून वर्षभर जो फेडरल टॅक्स कापला असेल तो वेगळा परत. आता या घरातला माणूस म्हणतो टॅक्स लागत नाही म्हणून रिटर्न भरत नाही, आता बोला!

आता अटी. इथेच आपले लोक अडकतात म्हणून जरा सावकाश वाचा.

पहिली अट सोशल सिक्युरिटी नंबरची. ईआयटीसीसाठी रिटर्नवरच्या नवऱ्याचा, बायकोचा आणि ज्या मुलांवर क्रेडिट मागताय त्यांचा, सगळ्यांचा काम करायला चालणारा एसएसएन हवा. आयटीआयएन, म्हणजे एसएसएन मिळत नाही त्यांना आयआरएस टॅक्सपुरता देते तो नंबर, चालत नाही. म्हणजे बायको एच-४ वर (नवऱ्याच्या व्हिसावर आलेली) आहे, ईएडी (वर्क परमिट) नाही, आयटीआयएनवर आहे, तर मुलं इथे जन्मलेली अमेरिकन असली तरी एकत्र रिटर्नवर ईआयटीसी मिळत नाही, काहीही करा. कार्डावर "व्हॅलिड फॉर वर्क ओन्ली विथ डीएचएस ऑथरायझेशन" छापलं असेल आणि वर्क परमिट चालू असेल तर ते कार्ड चालतं, घाबरू नका. "नॉट व्हॅलिड फॉर एम्प्लॉयमेंट" असेल तर मात्र साधारणपणे चालत नाही, आणि मधल्या काळात ग्रीन कार्ड मिळालं असेल तर सोशल सिक्युरिटी ऑफिसात जाऊन नवीन कार्ड काढा. हा नंबर रिटर्नच्या मुदतीच्या आत मिळालेला असावा लागतो, नंतर मिळाला म्हणून मागच्या वर्षाचं क्रेडिट मागता येत नाही.

चाइल्ड टॅक्स क्रेडिटला जरा सूट आहे, मुलाला एसएसएन हवाच पण एकत्र रिटर्नवर नवरा-बायकोपैकी एकाचा असला तरी भागतं. भारतात जन्मलेलं, एच-४ वरचं, आयटीआयएनवालं मूल असेल तर त्याच्यासाठी हे नाही, त्याला ५०० डॉलरचं वेगळं क्रेडिट आहे, ते फक्त टॅक्समधून वजा होतं, रोख येत नाही.

एफ-१ वरचे विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं साधारणपणे नॉनरेसिडेंट धरले जातात, त्यांना ईआयटीसी नाही. ग्रीन कार्डवाल्यांना मात्र फूड स्टॅम्पसारखी (किराण्यासाठीची सरकारी मदत) पाच वर्षं थांबायची अट इथे नाही. पण ऑगस्टमध्ये विमानातून उतरलात तर त्या पहिल्या वर्षी बहुतेक नाहीच, कारण मूल अर्ध्या वर्षापेक्षा जास्त काळ तुमच्याबरोबर अमेरिकेत राहायला हवं, ते गणित जमत नाही.

आणि ही राहण्याची अट आपल्यासाठी सगळ्यात नाजूक. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं दोन महिने आजोळी नाशिकला गेली तर काही होत नाही, सुट्टी म्हणजे तात्पुरतं जाणं, ते दिवस घरातच धरतात. पण डेकेअर परवडत नाही म्हणून दीड वर्षाचं बाळ फेब्रुवारीत आजीकडे ठेवलं आणि नोव्हेंबरात परत आणलं, तर त्या वर्षी त्याचं घर अमेरिकेत होतं असं म्हणणं अवघड आहे आणि पासपोर्टवरचे शिक्के खोटं बोलत नाहीत. कोणी सांगेल "कोण बघतंय", त्याचं ऐकू नका, खोटं दाखवून क्रेडिट घेतलं असं निघालं तर दहा वर्षं ईआयटीसी बंद होतं आणि बेफिकिरीने घेतलं असं ठरलं तर दोन वर्षं, शिवाय घेतलेले पैसे व्याजासकट परत द्यायचे ते वेगळेच.

वयाचा घोळ पण नेहमी होतो. चाइल्ड टॅक्स क्रेडिटला वर्षाअखेर मूल १७ च्या आत हवं. ईआयटीसीला १९ च्या आत, आणि फुल टाइम शिकत असेल, म्हणजे वर्षातल्या किमान पाच महिन्यांत, तर २४ च्या आत. त्यामुळे मुलगी १८ ची झाली, आता काही मिळत नाही असं समजून लोक ईआयटीसीवर पण पाणी सोडतात. मुलगी कम्युनिटी कॉलेजला असो की दूर हॉस्टेलवर, शिक्षणासाठी बाहेर असेल तर ती तुमच्याच घरी राहते असं धरलं जातं. अपंगत्व असलेल्या, कायमस्वरूपी काम न करू शकणाऱ्या मुलाला वयाची अटच नाही.

आता एक घरगुती भानगड. नवीन आलेली कुटुंबं बऱ्याचदा भावाच्या बेसमेंटमध्ये राहतात. भाऊ चांगला कमावतो, त्याचा सीपीए (टॅक्सचा हिशोब बघणारा) म्हणतो पुतणे तुमच्याच घरात राहतात ना, टाका तुमच्या रिटर्नवर. दादा प्रेमाने करतो, पण एका मुलावर एकालाच मागता येतं, आणि आई-बाप स्वतः मागत असतील तर हक्क त्यांचा पहिला. दादाच्या पगाराला ईआयटीसी शून्य मिळणार असतं आणि तुम्हाला चार-पाच हजार. तर जानेवारीतच चहा घेता घेता सरळ बोलून घ्या की मुलं आमच्या रिटर्नवर जातील, कारण दोघांनी टाकली की नंतरवाल्याचं ई-फाइल परत येतं आणि मग पत्रापत्री. आजी-आजोबा नोकरी करत असतील आणि नातवंडं त्यांच्याकडेच राहत असतील, तर तिथेही हाच नियम.

आणि नवरा-बायको एकाच घरात राहत असताना "हेड ऑफ हाउसहोल्ड" (एकट्याने घर चालवणाऱ्यांचा रिटर्नचा प्रकार) टाका, जास्त मिळतील असं सांगणारा कोणी भेटला तर उठून या तिथून. लग्न झालेलं असेल आणि वेगळं भरत असाल तर ईआयटीसी एरवी मिळत नाही, अपवाद म्हणजे वर्षाचे शेवटचे सहा महिने वेगळे राहिला असाल (किंवा कायदेशीर विभक्त असाल) आणि मूल अर्ध्या वर्षाच्या वर तुमच्याजवळ असेल. नवऱ्याला सोडून मुलांना घेऊन राहणाऱ्या बायकांना हे कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

भारतातले पैसे. ग्रीन कार्ड घेतलं की जगभरातलं उत्पन्न इथे दाखवावं लागतं, बँकेतल्या एफडीचं व्याज, पुण्याच्या फ्लॅटचं भाडं, गावची शेती खंडाने दिली असेल तर त्याचे पैसे, सगळं. एनआरई खात्याचं व्याज भारतात टॅक्स फ्री असतं, इथे नसतं. ईआयटीसीला याचा संबंध असा की व्याज, डिव्हिडंड, भाडं, भांडवली नफा मिळून ११,९५० डॉलरच्या वर गेले की त्या वर्षी ईआयटीसी पूर्ण बंद, एक डॉलर वर गेला तरी. रुपयात बघा, दहा लाखांच्या वर. एफडीच्या व्याजाने कोणी सहसा तिथे पोचत नाही, पण वडिलोपार्जित प्लॉट विकला की एका फटक्यात पोचतो, तेव्हा विक्री कुठल्या वर्षात करायची याचा विचार आधी करा. भारतातल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर शिल्लक गेली तर एफबार नावाचा वेगळा फॉर्म भरावा लागतो, तो टॅक्सचा नाही, फक्त माहितीचा, पण नाही भरला तर दंड भारी. आणि भारतातून सासऱ्यांनी पाठवलेले पैसे ही कमाई नाही, त्यावर ईआयटीसी मिळत नाही आणि ते उत्पन्नातही धरत नाहीत.

डबे, पोळ्या, बेबीसिटिंग, उबर. रोख पैसे मिळतात म्हणून दाखवायचे नाहीत ही सवय खोलवर रुजलेली आहे, मी उपदेश करत नाही, पण हिशोब बघा. खर्च जाऊन ४०० डॉलर किंवा जास्त उरले तर शेड्यूल सी (स्वतःच्या धंद्याच्या कमाईचा फॉर्म) भरून दाखवावे लागतात, त्यावर साधारण १५.३ टक्के सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स लागतो, हे खरं. पण तीच कमाई ईआयटीसीला धरतात, वर सोशल सिक्युरिटीची क्रेडिट (ही पेन्शनसाठीची, वरची टॅक्सची नव्हेत) जमतात. चाळीस क्रेडिट जमली तर म्हातारपणी पेन्शन, आणि हॉस्पिटलचं मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) हप्त्याशिवाय. वर्षाला चारच क्रेडिट मिळतात, २०२५ मध्ये १,८१० डॉलरच्या कमाईला एक, म्हणजे पंचेचाळिशीत आलेल्या माणसाला दहा वर्षं लागणार आणि रोखीत काढलेली वर्षं त्यात मोजली जात नाहीत. डबेवालीने किराणा, डबे, गॅस, आणि डिलिव्हरीच्या गाडीचे मैल (२०२५ ला मैलामागे ७० सेंट) वहीत लिहून ठेवावेत. खर्च मुद्दाम लपवून कमाई फुगवायची आणि क्रेडिट वाढवायचं, हे पण चालत नाही, झालेला खर्च दाखवावाच लागतो.

कागद काय न्यायचे तर सगळ्यांची सोशल सिक्युरिटी कार्डं (नावाचं स्पेलिंग कार्डावर आहे तसंच रिटर्नवर, मधलं नाव आणि आडनाव याच्या घोळात आपल्या लोकांची किती रिटर्न परत येतात विचारू नका), दोघांचे डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचे कागद), जे जानेवारीअखेर मालकाने द्यायचे असतात, १०९९ (पगाराशिवायच्या कमाईचे कागद) आले असतील तर ते, भारतातल्या बँकेचं व्याजाचं स्टेटमेंट, मागच्या वर्षीचं रिटर्न, फोटो आयडी, आणि बँक खात्याचा राउटिंग नंबर. कागदी चेक सरकारने जवळपास बंद करत आणलेत त्यामुळे खातं नसेल तर आधी काढा.

भरायचं कुठे? व्हीटा नावाचा कार्यक्रम आहे, आयआरएसनेच चालवलेला, लायब्ररी, कम्युनिटी सेंटर अशा ठिकाणी ट्रेनिंग घेतलेले व्हॉलंटियर फुकट रिटर्न भरून देतात. एकत्र रिटर्नला नवरा-बायको दोघांनी यावं लागतं, सही दोघांची लागते. भारतातल्या भाड्याचं वगैरे गुंतागुंतीचं असेल तर काही सेंटर घेत नाहीत, तेव्हा आधी फोन करून विचारा. पैसे देऊन भरून घेत असाल तर तीन गोष्टी बघा: तो फी रिफंडच्या टक्क्यात मागतोय का, रिटर्नवर त्याची सही आणि पीटीआयएन (रिटर्न भरून देणाऱ्याला आयआरएस देते तो नंबर) आहे का, आणि रिफंडच्या खात्याचा नंबर तुमचाच आहे का. यातल्या एकावरही तो टाळाटाळ करायला लागला तर कागद उचला. मराठीत गोड बोलतो म्हणून डोळे मिटून सही करू नका, रिटर्न खोटं निघालं तर त्याने भरलं असलं तरी जबाबदारी तुमची असते. घरी येऊन १०४० ची २७ नंबरची ओळ (ईआयटीसी) आणि २८ नंबरची (चाइल्ड क्रेडिटचा परत मिळणारा भाग) बघा, तिथे आकडा आहे ना.

पैसे कधी येतात? जानेवारीअखेर रिटर्न भरलं तरी या दोन क्रेडिटवाल्यांचा रिफंड फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आयआरएसला सोडताच येत नाही, कायदाच आहे २०१५ चा, आणि अडवतात तो सगळाच रिफंड. बहुतेकांच्या खात्यात मार्चच्या सुरुवातीला पडतो. तेवढ्यात कोणी "आजच पैसे घेऊन जा" म्हणून कर्ज देऊ केलं तर फी वाचून बघा आणि शक्यतो थांबा. मिळालेला रिफंड फूड स्टॅम्प किंवा मेडिकेडसाठी (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) उत्पन्नात धरत नाहीत, तेव्हा तीही भीती नको.

मागची वर्षं राहिली असतील तर मूळ मुदतीपासून तीन वर्षांपर्यंत मागता येतं. २०२२ च्या न भरलेल्या रिटर्नची मुदत १५ एप्रिल २०२६ पर्यंतच, त्यानंतर तो पैसा सरकारजमा.

राज्याचं वेगळं असतं आणि ते लोक हमखास विसरतात. न्यू जर्सी फेडरल ईआयटीसीच्या ४० टक्के वर देते, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या घराला आणखी साधारण १,९७० डॉलर, शिवाय पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तिथे मुलामागे १,००० पर्यंतचं वेगळं क्रेडिट आहे. न्यू यॉर्क ३० टक्के, इलिनॉय २० टक्के. कॅलिफोर्नियाचं स्वतःचं कॅलईआयटीसी आहे आणि ते आयटीआयएनवाल्यांनाही देतात, म्हणजे फेडरल नाही मिळालं तरी तिथे विचारा. टेक्सासला इन्कम टॅक्सच नाही म्हणून क्रेडिटही नाही. वॉशिंग्टन राज्यातही इन्कम टॅक्स नाही पण वर्किंग फॅमिलीज क्रेडिट आहे, त्याला वेगळा अर्ज करावा लागतो.

व्हिसावाल्यांनी एक लक्षात ठेवा, ट्रेझरीने २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर केलंय की २०२६ च्या टॅक्स वर्षापासून काही इमिग्रेशन स्टेटसच्या लोकांना ईआयटीसीसारख्या फेडरल क्रेडिटचा रोख भाग मिळू नये असा नियम आणायचा विचार आहे. तेव्हा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले नसाल तर पुढच्या रिटर्नच्या आधी नियम काय झालाय ते तपासून घ्या, शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.

पत्र आलं तर घाबरून ड्रॉवरमध्ये टाकू नका. सीपी०९ नंबरचं पत्र म्हणजे चांगली बातमी, तुम्ही ईआयटीसी मागितलं नाही पण मिळू शकतं असं आयआरएसच सांगतेय, आतला कागद भरून परत पाठवायचा. सीपी७५ म्हणजे मुलं तुमच्याकडेच राहतात याचा पुरावा द्या आणि तोवर रिफंड थांबलाय. त्यासाठी शाळेचं किंवा डॉक्टरकडचं लेटरहेडवरचं पत्र लागतं, ज्यात मुलाचं नाव, तुमच्या घरचा पत्ता आणि ते वर्ष, तिन्ही गोष्टी असतील. भावाच्या घरी राहत असाल आणि लीजवर तुमचं नाव नसेल तर शाळेचं पत्र आधीच मागून ठेवा, शाळेचं ऑफिस लगेच देतं. पत्रावरच्या मुदतीत, साधारण तीस दिवसांत, कॉपी पाठवा, ओरिजिनल कधीच नको, आणि पोस्टाने पाठवत असाल तर पावती जपून ठेवा. एकदा क्रेडिट नाकारलं गेलं असेल तर पुन्हा मागताना फॉर्म ८८६२ जोडावा लागतो, नाहीतर परत नाकारतात. आणि फोनवर "आयआरएसमधून बोलतोय, गिफ्ट कार्डने पैसे भरा नाहीतर पोलीस येतील" असं कोणी म्हणालं तर सरळ फोन ठेवून द्या.